विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य : जातीचा रकाना कुणी गाळला?

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. शाळा-कॉलेजात बॅनर लागते, पाहुणे येतात, "ताण घेऊ नका, व्यक्त व्हा, योगा करा" असे सांगतात आणि चहा घेऊन जातात. या भाषणांवर विश्वास ठेवला तर मुलांच्या मनाचा प्रश्न या देशाला गेल्या दहा-पंधरा वर्षांतच कळला, मोबाईल आणि स्पर्धा आल्यावर कळला, असे वाटेल. हे खोटे आहे. मुलाच्या मनावर समाज कसा घाव घालतो याची नोंद आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे आणि त्यावर उपाय करणाऱ्या संस्थाही तितक्याच जुन्या आहेत. फक्त त्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या नाहीत आणि त्या संस्थांच्या पाटीवर 'मानसिक आरोग्य' लिहिलेले नव्हते. त्यामुळे सरकारी धोरणाच्या इतिहासात त्या धरल्या जात नाहीत.

पहिली नोंद खुद्द बाबासाहेबांची. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव घरातल्या इतर मुलांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना बसवायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची या अटीवर. रात्रभर मुलांना पाणी मिळाले नाही. जवळ डबा होता, पण घशाखाली घास उतरेना. शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे, ते गोणपाट शाळेचा झाडूवालाही उचलणार नाही म्हणून रोज घरी न्यायचे, आणि शिपाई असेल तरच नळाचे पाणी प्यायचे. शिपाई नाही तर पाणी नाही. बाबासाहेबांनी पुढे पस्तीस वर्षांनी हे लिहून काढले, तेव्हा त्यांच्या नावापुढे जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या होत्या. पस्तीस वर्षे एखादा प्रसंग इतक्या बारीक तपशिलासह मनात राहतो याला आज मानसशास्त्रात नाव आहे. तेव्हा त्याला फक्त 'रूढी' म्हणत.

हा एका मुलाचा अनुभव होता असे कुणी म्हणू नये. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक विहिरी, पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे त्यात होते. कागदावर शाळा खुली झाली, वर्गात नाही झाली. म्हणून १९२८ मध्ये मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि १९३० मध्ये तिचा अहवाल आला. मुले शाळेच्या बाहेर, व्हरांड्यात, वेगळ्या रांगेत बसवली जातात हे सरकारच्याच समितीपुढे आले. शाळेत जाऊ द्यायचे पण आत येऊ द्यायचे नाही, ही पद्धत तेव्हापासूनची आहे.

आता उपाय पाहा. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. पहिल्या कामांतले एक म्हणजे वसतिगृह, हे लक्षात घ्या. सभा होत्या, पत्रके होती, पण पैसा नसताना वसतिगृह कशासाठी? शाळेत दिवसभर वेगळे बसून आलेल्या मुलाला संध्याकाळी बसायला एक पंगत लागते. सगळ्यांसोबत जेवण, रात्री दिवा, मोठ्या वर्गातला आपला पोरगा जो गणित समजावून सांगतो, आणि एक वडीलधारी व्यक्ती जी नाव घेऊन हाक मारते. आजचे तज्ज्ञ ज्याला आधारव्यवस्था म्हणतात ती हीच. वसतिगृहाला आपण आजवर शिक्षणाच्या खात्यात मांडत आलो. मी म्हणतो ते मनाच्या खात्यातही मांडले पाहिजे.

त्याच काळात मुंबईत दुसरी एक सुरुवात झाली. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले, तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाले. १९३७ मध्ये त्याच्या बाल मार्गदर्शन केंद्राचे काम सुरू झाले. भारतातले असे हे पहिले केंद्र. कल्पना अमेरिकेतली. शिकागोत १९०९ मध्ये विल्यम हीली यांनी गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांसाठी असे काम सुरू केले होते. मुंबईच्या केंद्राचे महत्त्व मी नाकारत नाही. मुलाला मारण्याऐवजी त्याचे ऐकावे, घरी जाऊन परिस्थिती पाहावी, हा विचार त्या काळी मोठा होता. पण अशा केंद्रात मूल कसे पोहोचायचे? ते चोरी करते, पळून जाते, ऐकत नाही, अभ्यास करत नाही, अशी कुणीतरी तक्रार केल्यावर. व्हरांड्यात बसवलेले आपले पोर कुणालाच त्रास देत नव्हते. ते गप्प बसायचे. गप्प बसणाऱ्या मुलाची तक्रार कोण करणार? आणि तक्रार करायचीच तर ती मुलाची करायची की शाळेची? भारतातल्या बालमानसशास्त्राची पायाभरणी झाली तेव्हाच हा प्रश्न बाहेर राहिला, आणि तो पुढे बराच काळ बाहेरच राहिला.

अमेरिकेत काय झाले ते बघण्यासारखे आहे. केनेथ आणि मॅमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दाम्पत्य. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असे साधे प्रश्न विचारले. बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. "तुझ्यासारखी कोणती?" या प्रश्नावर काही मुले रडली. याच दाम्पत्याने १९४६ मध्ये हार्लेममध्ये मुलांसाठी केंद्र काढले आणि त्यांच्या संशोधनाचा हवाला १७ मे १९५४ च्या ब्राऊन खटल्याच्या निकालात आला. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. म्हणजे मुलाच्या मनाला झालेली जखम पुरावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. बाबासाहेबांनी १९४६ मध्येच कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते. आपल्या राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण ती मुलांच्या मनात काय करून गेली हे मोजायला एकही सरकारी बाहुली कुणी पुढे ठेवली नाही. क्लार्क दाम्पत्य बाहेरून आलेले नव्हते, त्या समाजातूनच आलेले होते. संशोधक कुठून येतो यावर त्याला कोणता प्रश्न सुचतो हे ठरते.

मराठवाड्याकडे येतो. आपला हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. खेड्यातल्या अस्पृश्य मुलाला हायस्कूल दिसणेच कठीण, कॉलेज तर दूरच. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज औरंगाबादला सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबादच्या गावांतून पहिली पिढी तिथे पोहोचली. आपला हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता, तो १ मे १९९९ ला वेगळा झाला. मिलिंद हे नाव भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. ज्या मुलांना गावात मान खाली घालून बोलायची सवय लावली होती, त्यांच्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव देणे ही साधी गोष्ट नव्हती. नागसेनवनाच्या वसतिगृहांत ही मुले रात्र-रात्र बोलली, भांडली, लिहू लागली. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' १९६७-६८ मध्ये याच मातीतून उभे राहिले. दलित साहित्याकडे समीक्षक साहित्य म्हणून बघतात, बघू द्या. मला त्यात एका पिढीने लहानपण पहिल्यांदा मोठ्याने सांगितलेले दिसते, आणि ऐकणारे होते म्हणूनच ते सांगता आले.

मग १९७८ आले. २७ जुलैला विद्यापीठ नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांना मोठी झळ बसली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. आपल्या आजूबाजूला आज जे पन्नाशीत आहेत, ते तेव्हा पाच-सात वर्षांचे होते. रात्री आईने तोंडावर हात दाबून शेतात, ओढ्यात लपवलेली ती मुले. १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेमार्फत भूकंपग्रस्त गावांत लोकांच्या मनाचा अभ्यास केला. योग्यच केले. पण जमीन हादरली की मनाचा अभ्यास होतो, आणि शेजारी मशाल घेऊन आला तर गुन्हा नोंदवून फाईल बंद होते. १९७८ च्या मुलांसाठी असे कुठलेही केंद्र निघाले नाही. त्यांना नामांतराच्या चळवळीने सांभाळले. मोर्चा, तुरुंग, गाणी, विहार. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा ती मुले तरुण झाली होती.

दरम्यान सरकारी धोरण सुरू झाले होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. भर होता गंभीर आजार आणि औषधांवर. किशोरवयीनांसाठीचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ चा, त्यातली आपल्या राज्यातली 'मैत्री क्लिनिक' सरकारी दवाखान्यात असतात. किती पोरांना त्यांचा पत्ता माहीत आहे हे आपापल्या गावात विचारून बघा. २०१४ च्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरणात असुरक्षित गटांची यादी आहे. गरिबी, बेघरपणा, अनाथपण, कोठडी, आपत्ती अशी शीर्षके आहेत, जातीला स्वतंत्र शीर्षक नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मात्र उपचार देताना जातीवरून भेदभाव करता येणार नाही असे कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. हे चांगले आहे आणि ते आपल्याला पाठ पाहिजे. पण ते उपचाराच्या दारातले कलम आहे. आजार कुठून आला हे ते विचारत नाही.

आकड्यांचे तर काय सांगावे. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. १३ ते १७ वयाच्या मुलांत ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार आढळला. सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२१ मध्ये विद्यार्थी आत्महत्या सर्वाधिक महाराष्ट्रात, १,८३४. २०२२ मध्ये पुन्हा सर्वाधिक महाराष्ट्रात, १,७६४. ज्या राज्यात मुले सर्वाधिक जातात, ते राज्य सर्वेक्षणाबाहेर. आणि या वार्षिक अहवालात वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न, कारण असे सगळे तक्ते असतात, विद्यार्थी आत्महत्यांचा जातवार तक्ता नसतो. कारणांमध्ये 'परीक्षेतील अपयश', 'कौटुंबिक समस्या', 'प्रेमप्रकरण' असतात. जातीय अपमान हे कारण पोलीस पाटलाच्या पंचनाम्यात कधी लिहिले जाते का?

जेव्हा जेव्हा जातीचा प्रश्न विचारला गेला, तेव्हा उत्तर मिळाले. २००६-०७ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. थोरात सर मिलिंदचे विद्यार्थी, म्हणजे बाबासाहेबांच्या त्या कॉलेजातून निघालेला पोरगा अर्धशतकानंतर देशातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय संस्थेला प्रश्न विचारायला गेला. शिक्षकांकडून पुरेसे सहकार्य मिळत नाही असे सुमारे ६९ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी सांगितले. वसतिगृहात छळाला कंटाळून मुले ठरावीक मजल्यांवर एकत्र राहायला गेली होती. विसाव्या शतकातला व्हरांडा एकविसाव्या शतकात वरच्या मजल्यावर गेला, इतकाच फरक.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. १७ जानेवारी २०१६, हैदराबाद, रोहित वेमुला. २२ मे २०१९, मुंबई, डॉ. पायल तडवी. १२ फेब्रुवारी २०२३, आयआयटी मुंबई, दर्शन सोळंकी. दर्शनच्या वेळी संस्थेच्या चौकशी समितीने जातीय भेदभावाचा पुरावा नसल्याचे म्हटले आणि खालावलेल्या अभ्यासाकडे बोट दाखवले. अभ्यास का खालावला, हा पुढचा प्रश्न. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की २०१४ ते २०२१ या काळात आयआयटी, आयआयएम, केंद्रीय विद्यापीठे अशा केंद्रीय संस्थांमधल्या १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात २४ अनुसूचित जातीचे, ३ अनुसूचित जमातीचे, ४१ ओबीसी. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संसदेतच आले की पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएममधून या तीन प्रवर्गांतल्या १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले. जीव देणाऱ्याची निदान बातमी होते. सोडून गावी परत येणाऱ्याची होत नाही. तो मुलगा आपल्या पारावर दिसतो आणि आपण म्हणतो, "याला झेपले नाही."

इथे आपल्यालाही दोन शब्द ऐकावे लागतील. जयंतीला आपण अठरा-अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. उपक्रम चांगला आहे, वाचनाची गोडी लागते. पण नीटच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात अडकलेल्या पोराला "बाबासाहेब रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले आणि तुला खोली असून जमत नाही?" असे विचारणे म्हणजे प्रेरणा नव्हे, ओझे आहे. बाबासाहेबांना मुलांनी तहानलेले राहू नये म्हणून वसतिगृह काढावेसे वाटले होते. ते दुःख प्रत्येक पिढीने पुन्हा सोसून दाखवावे असे त्यांनी कुठे म्हटले? आणि "आंबेडकरी कार्यकर्ता खचत नसतो" हे वाक्य आता सोडून द्यावे. खचतो. खचलेला असताना १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन केला तर चळवळीचा अपमान होत नाही. हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येते.

"सगळ्यात जात कशी दिसते तुम्हाला? शेतकऱ्याची पोरे मरत नाहीत का?" असा प्रश्न येतोच. मरतात. त्यांच्या वडिलांसाठी सरकारने २०१५ पासून मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' चालवला. आशाताई घरोघरी प्रश्नावली घेऊन गेल्या, १०४ क्रमांक दिला. शेतकऱ्याच्या मनामागे कर्ज, दुष्काळ, भाव आहेत हे सरकारने मान्य केले आणि त्याला फक्त 'मनोरुग्ण' म्हटले नाही. आमचे म्हणणे तेवढेच आहे. त्याच्या मागे जसे कर्ज आहे, तशी या विद्यार्थ्यामागे जात आहे. ती लिहा. तिने कुणाचा आकडा कमी होत नाही.

उपाय काय, यावर संशोधन गप्प नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये 'सेहर' नावाचा प्रयोग झाला. त्यामागे 'संगाथ' ही गोव्यात सुरू झालेली संस्था होती. काही शाळांत हे काम शिक्षकाला दिले, काही शाळांत बाहेरून नेमलेल्या साध्या प्रशिक्षित समुपदेशकाला. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकाला काम दिले तिथे फरक पडला नाही. ज्याच्या हातात मार्क आहेत त्याच्यापुढे मूल मन उघडत नाही, हे आपल्याला सांगायला लॅन्सेट लागत नाही, पण आता छापील पुरावा आहे. आपल्याकडे मात्र जो येतो तो शिक्षकालाच दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन 'समुपदेशक' करतो.

दुसरा पुरावा अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींचा. जेन कॉस्टेलो या संशोधक १९९३ पासून तिथल्या १,४२० मुलांच्या मनाची नोंद ठेवत होत्या. १९९६ मध्ये तिथे कॅसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा प्रत्येक आदिवासी कुटुंबाला मिळू लागला. जी कुटुंबे गरिबीतून वर आली, त्यांच्या मुलांमधले वर्तनाचे विकार कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आले. चिंता आणि नैराश्यावर तेव्हा तेवढा परिणाम दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण एवढे कळते की घरात वेळेवर आलेला पैसा हासुद्धा मुलाच्या मनावरचा इलाज आहे.

आता वारंगा फाट्यावर उभे राहून हे सगळे बघा. नांदेडहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. दहावी-बारावी झालेली आसपासच्या गावांतली पोरे-पोरी इथूनच एसटीत बसतात, बहुतेक नांदेडच्या क्लासला. शासकीय वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाहीतर स्वाधार योजना. नांदेडसारख्या महापालिका शहरासाठी वर्षाला ५१,००० रुपये. ही रक्कम उशिरा येते ही नेहमीची तक्रार आहे. तोवर खोलीभाडे, मेस, क्लासची फी कुठून द्यायची? घरी फोन करून पैसे मागायचे नाहीत म्हणून एक वेळ जेवणारे पोर आणि त्याला "ताण घेऊ नकोस" सांगणारा पाहुणा, या दोघांची भेट १० ऑक्टोबरला होते. स्वाधारचा हप्ता वेळेवर टाकणारा समाज कल्याणचा लिपिक त्या पाहुण्यापेक्षा मोठे मानसिक आरोग्याचे काम करतो असे माझे स्पष्ट मत आहे.

२५ जुलै २०२५ ला सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास आणि वसतिगृह, सगळ्यांना लागू आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक नेमायचा, कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करायची. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी विद्यार्थ्यांशी संवेदनशीलपणे, भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायचे. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असायची.

तेव्हा मित्रांनो, अर्ज दोन करायचे आहेत, दोन्ही माहिती अधिकारात. पहिला हिंगोली आणि नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला : ही समिती कधी नेमली, सदस्य कोण, त्यात अनुसूचित जाती-जमातीचे किती, बैठका किती झाल्या, आणि शहरातल्या किती क्लासेसनी समुपदेशक नेमल्याचे कळवले. दुसरा समाज कल्याण सहायक आयुक्तांना : प्रत्येक शासकीय वसतिगृहात किती विद्यार्थी आहेत, समुपदेशक कोण आहे, आठवड्यातून किती वेळ येतो, गृहपालाला कोणते प्रशिक्षण दिले, आणि गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थी मध्येच वसतिगृह सोडून गेले, प्रवर्गवार. हा शेवटचा 'प्रवर्गवार' शब्द अर्जात विसरू नका. तो नसेल तर उत्तरात नुसती बेरीज येते.